कोरी वही आणि मातीची डाळिंबं : नर्सरीतल्या एका मुलीची केस

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी छकुलीची आई वर्ग सुटायच्या वेळेला आली. बाकीची मुलं मावशींबरोबर चपला शोधत होती, आणि हिने पिशवीतनं एक वही काढून माझ्यापुढे धरली. जूनमध्ये तिनेच घेऊन दिलेली वही, तपकिरी कव्हर घातलेली, वर नाव-वर्गाचं स्टिकर, आत सगळी पानं कोरी. "मॅडम, चार महिने होत आले. एक अक्षर न्हाय बघा ह्यात." मग भडाभडा बोलली. जाऊबाईंची मुलगी हिच्याच वयाची, दुसऱ्या शाळेत जाते, ती एबीसीडी लिहिते, एक ते पन्नास लिहिते. रोज संध्याकाळी घरात दोघींना शेजारी बसवतात आणि हिला विचारलं आज काय शिकलीस तर म्हणते दुकान-दुकान खेळलो. सासरे म्हणाले खेळायला फी कशाला भरायची, अंगण काय कमी पडलंय का. दिवाळीनंतर तिलाही त्याच शाळेत घालायचं घरात ठरत आलं होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात नर्सरीचा वर्ग घेते, हे चौदावं वर्ष. वर्गात २२ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी, वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, त्यामुळे अर्ध्या घरांचं पोट या ना त्या प्रकारे डाळिंबावर चालतं. छकुलीचे वडील टेम्पोवर आहेत, मालाचे क्रेट मार्केटला नेतात, आई सीझनला शेडमध्ये माल निवडायला जाते. मुलीचं खरं नाव देत नाही, घरी म्हणतात तेच छकुली वापरलंय, आणि हे सगळं तिच्या आईला विचारूनच लिहितेय.

जूनमध्ये आली तेव्हा छकुली ३ वर्षं ४ महिन्यांची होती. पहिले आठ दिवस रडली, मग रुळली. बोलायला घरात मोकळी, वर्गात आधी बेताचीच. आजीने तिच्याकडून आकडे पाठ करून घेतलेले, वीसपर्यंत न अडखळता म्हणायची. पण मधल्या सुट्टीत मी म्हटलं, छकुली मला पाच शेंगदाणे दे, की मूठ भरून द्यायची. मोज म्हटलं तर एक-दोन-तीन-चार म्हणत बोट शेंगदाण्यांवरनं घसरत जायचं, आकडा एका वेगाने आणि बोट दुसऱ्या वेगाने. मोजून झाल्यावर मग किती झाले विचारलं की परत एकपासून सुरू. हे सगळं तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचं अगदी बरोबर वागणं आहे हो, यात काळजी करण्यासारखं काही नाही. आकडे म्हणणं हे या वयात गाण्यासारखं असतं. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू, या दोन गोष्टी हाताने शेकडो वेळा केल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. पण आजीला वीसपर्यंतचं म्हणणं ऐकू यायचं आणि शेंगदाण्यांची मूठ दिसायची नाही.

आता माझ्याकडून काय चुकलं ते आधी सांगते, कारण या केसमध्ये ते महत्त्वाचं आहे. त्या दिवशी मी तिच्या आईला खेळातून शिकण्याबद्दल दहा मिनिटं समजावलं, आणि ती ऐकत होती पण नजर वहीवर होती. मला भीती वाटली की ही मुलगी जाणार. मग मी म्हटलं ठीक आहे, आपण रोज एक पान लिहून घेऊ. आणि दुसऱ्या दिवसापासून छकुलीला टिंबं टिंबं जोडून अ आणि १ गिरवायला बसवलं. एकटीलाच. बाकीची मुलं मातीत आणि ही टेबलाशी पेन्सिल घेऊन. हे तीन आठवडे चाललं.

पेन्सिल ती मुठीत धरायची, खुंटा धरतात तशी. हात मनगटातून वळायचाच नाही, सगळी रेघ खांद्यातून यायची, त्यामुळे टिंबं राहायची एकीकडे आणि रेघ जायची पानाच्या बाहेर. दाब इतका की कागद फाटायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, ताई हात दुखतोय. मी तिचा हात चोळला आणि म्हटलं एवढी एक ओळ कर, मग सोडते. आज हे लिहितानाही मला ते वाक्य टोचतं. आपल्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात आणि बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही धड हाड झालेलं नसतं, सगळी मऊ कूर्चा असते. तीन वर्षांच्या लेकराच्या मनगटात साधारण दोन-तीनच हाडं तयार झालेली असतात, बाकीची पुढे एकेक करत होतात आणि शेवटचं तर नऊ-दहा वर्षांच्या पुढे मागे. हे मला माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये शिकले होते, दरवर्षी पालकांना सांगतही होते. तरी मी ते केलं, कारण वहीत काहीतरी दिसायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. छकुली खडूच्या फळीकडे जायची बंद झाली. आधी ती रोज तिथे मोठे मोठे गोल काढायची, दोन्ही हातांनी, ते थांबलं. सकाळी घरी पोट दुखतंय म्हणायला लागली, आई सांगायची की गेटपर्यंत येते आणि बसते खाली. आणि एक दिवस वर्गात आल्या आल्या, दप्तर पण खाली ठेवलं नव्हतं, मला विचारलं, "ताई, आज वही हाय का?" त्या दिवशी मी वही कपाटात ठेवली. वहीत तोवर अठरा पानं भरली होती. आई खूश होती, घरात दाखवून झालं होतं.

म्हणजे बघा, आता माझ्यापुढे असा पेच होता की मुलीसाठी वही बंद करायची होती आणि वही बंद केली की मुलगी जाणार होती. पालकसभेत बोलून हे सुटत नाही हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. आम्ही बोलतो, ते मान हलवतात, घरी जाऊन पाटी काढतात, आणि त्यांचंही चूक नाही, कारण पानभर लिहिलेलं डोळ्यांना दिसतं आणि मुलाने खेळता खेळता काय केलं ते पाहायला तिथे कोणी नसतं. सकाळी साडेआठला मूल दारात सोडलं की साडेअकरापर्यंत आत काय होतं ते पालकाने बघायचं तरी कधी?

म्हणून दसरा झाल्यावर मी तिच्या आईला म्हटलं, मला तुमच्या चार सकाळी द्या. वर्गात कोपऱ्यात स्टुलावर बसायचं, मोबाईल पर्समध्ये, छकुलीशी बोलायचं नाही, तिने हाक मारली तर फक्त हसायचं. आणि ती हाताने काय करते, तोंडाने काय बोलते तेवढंच लिहायचं, चांगलं-वाईट काही नाही. लिहायला वही हीच. कोरी पानं भरपूर आहेत. ती म्हणाली मॅडम मी बारावीपर्यंत शिकलेली हाय, मला काय जमणार. मी म्हटलं शेडमध्ये क्रेट मोजून तुम्हीच लिहिता ना, मग जमेल. सीझन अजून जोरात नव्हता म्हणून ती आली, नाहीतर आली नसती, हेही खरं.

पहिली सकाळ तशी वाया गेली असं तिला वाटलं. छकुली अर्धा वेळ आईकडेच बघत होती. दुसऱ्या सकाळी मात्र ती आईला विसरली, कारण त्या दिवशी मी दुकानात माती ठेवली होती.

दुकानाचा कोपरा आमच्याकडे वर्षभर असतो, पण सामान मी दर आठवड्याला बदलते, आणि ते ठरवून. हे मुद्दाम सांगते, कारण खेळातून शिकणं म्हणजे मुलांना मोकळं सोडून आपण रजिस्टर भरायचं असं नाही. त्या आठवड्यात मी काय ठेवलं? दोन करवंट्या आणि पट्टी बांधून केलेली तागडी, वजनाला तीन दगड, पैसे म्हणून वाटीभर चिंचोके, फळांचा एक रिकामा क्रेट, आणि कालवून ठेवलेली काळी माती. एवढंच. डाळिंब करा असं मी म्हटलं नाही. क्रेट बघितल्यावर त्यांचं त्यांनीच ठरलं.

छकुलीने मातीचा गोळा तळहातावर फिरवून गोल केला, मग त्याच्या एका टोकाला अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीने माती वर ओढली, चिमटा, थोडं फिरव, परत चिमटा, असं करत डाळिंबाला असतो तसा तुरा काढला. एकेका डाळिंबाला पाच-सहा चिमटे. त्या सकाळी तिने अकरा डाळिंबं केली. मी आईच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, तिच्या बोटांकडे बघा. हीच तीन बोटं पेन्सिल धरतात. वहीत तीन आठवडे जी बोटं उघडलीच नाहीत ती इथे अर्धा तास कुणी न सांगता काम करतायत, आणि हात दुखतो म्हणत नाहीये. आईने वहीत लिहिलं ते असं : 'मातीला चिमटी करून तुरा काढला. मोडला. परत काढला.'

मग विक्री सुरू झाली. छकुली व्यापारी, एक मुलगा हमाल, दोघी गिऱ्हाईक. छकुलीने सगळी डाळिंबं आधी क्रेटबाहेर काढली आणि तीन ढीग लावले, मोठी, मधली, बारकी. एकाला चीर गेली होती ती तिने उचलून मागे टाकली आणि हमालाला म्हणाली, "ह्याला तेल्या पडलाय, बाजूला काढ. मालात न्हाय घालायचा." तेल्या म्हणजे डाळिंबावर पडणारा रोग, आमच्याकडे हा शब्द ऐकला की मोठी माणसं गप्प होतात. तिची आई स्टुलावरनं उठल्यासारखी झाली. म्हणाली, मॅडम, ही तर प्रतवारी करतीय! मी म्हटलं हो, लहान-मोठं ओळखणं, सारखं-वेगळं निवडणं, क्रमाने लावणं, गणिताची सुरुवात इथूनच होते. आकडा त्यानंतर येतो. आणि ही प्रतवारी तिला मी नाही शिकवली, तुम्ही शिकवली. शेडमध्ये तुमच्या शेजारी बसून तिने ती बघितली. वर्गात मी फक्त क्रेट ठेवला.

आता मोजण्याचं. गिऱ्हाईक मुलीने पाच डाळिंबं उचलली आणि मूठभर चिंचोके पुढे केले. छकुलीने चिंचोके घेतले, डाळिंबं ओळीत मांडली आणि एकेका डाळिंबासमोर एकेक चिंचोका ठेवत गेली. तीन ठेवून झाले आणि चिंचोके संपले. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग उरलेल्या दोन डाळिंबांवर दोन हात ठेवून गिऱ्हाइकाला म्हणाली, "ह्या दोघांचं राहिलं की." शेंगदाण्यांवरनं जिचं बोट घसरत होतं तिने हे केलं. कारण इथे तिला नुकसान होणार होतं! प्रत्येक फळाला एक चिंचोका मिळालाच पाहिजे ही तिची गरज होती, माझी नाही. मी तेव्हा मधे पडून 'बघा मुलांनो, पाच वजा तीन' असलं काही म्हटलं असतं तर सगळा खेळ मोडला असता, आमच्यातल्या बऱ्याच जणींना तो मोह आवरत नाही, मलाही पूर्वी आवरायचा नाही. मी फक्त गिऱ्हाईक बनून रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर म्हटलं मला पण पाच द्या, पिशवीत भरून द्या, ओळीत नको. म्हणजे आता मांडून बघता येणार नाही, मोजूनच टाकावं लागेल. पहिल्यांदा सहा दिली. चौथ्या सकाळपर्यंत पाच मागितली की पाच, आणि किती झाले विचारल्यावर परत न मोजता "पाच" म्हणाली. पाचच्या पुढे अजून गडबड व्हायची, आणि ते ठीक आहे.

पाठांतराबद्दल इथेच बोलते. आपल्या मराठीत आकड्यांची नावं मुलांना सोपी नाहीत. एकोणीस म्हणताना तोंडात आधी एक येतो, एकोणतीस, एकोणचाळीस, त्रेसष्ट, अडुसष्ट, प्रत्येकाची चाल निराळी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता आठवत असेल. वाद दुसरीच्या मुलांसाठी होता! आणि आपण तीन वर्षांच्या लेकराकडून पन्नासपर्यंत लिहून घेतो आणि शेजारच्या मुलीशी तुलना करतो.

तिसऱ्या सकाळी गोष्ट होती, चिऊ-काऊची. सगळ्यांना माहीत असलेलीच, चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. मी पुस्तक न घेता सांगते, कारण पुस्तक हातात असलं की माझे डोळे पानावर जातात आणि मुलांचे चेहरे सुटतात. वाहून गेलं म्हणताक्षणी छकुली उभी राहिली. "शेणाचं वाहून जात न्हाय." मी म्हटलं का गं? "आमचं अंगण शेणाचं हाय. पाऊस आला तरी तितंच हाय." वर्गात जूनपासून मला सगळ्यांसमोर एवढं लांब बोललेलं तिचं हे पहिलंच. आणि बरोबर तरी किती! सारवलेल्या अंगणात वाढलेल्या मुलीला ती गोष्ट पटेना. दोन-तीन मुलांनी तिची बाजू घेतली, एकाने चिमणीची घेतली, कालवा झाला. गोष्ट तिथेच थांबवली मी. पूर्ण केली असती तर गोष्ट ऐकून झाली असती आणि छकुलीचा प्रश्न तसाच राहिला असता.

त्याच दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही मावशींनी शेण आणलं, मी घरातले मेणबत्तीचे तुकडे वितळवून त्याच्या पातळ वड्या करून आणल्या. शेणाची दोन घरं केली, एक आदल्या दुपारीच करून उन्हात वाळवलेलं, एक ताजं. मेणाचं एक. सगळी पत्र्याच्या तुकड्यावर मांडली आणि मुलांनी मगाने पाऊस पाडला. ताजं शेण लगेच वाहून गेलं, मुलं ओरडली, कावळ्याचं गेलं कावळ्याचं गेलं. वाळलेलं तसंच उभं. मेणाच्या घरावरनं पाणी नुसतं ओघळून गेलं. छकुली म्हणाली, "वाळल्यावर न्हाय जात. वलं आसलं की जातंय." मग मुलं डबा खायला गेली, पत्रा तिथेच उन्हात राहिला. ऑक्टोबरचं आमच्याकडचं ऊन कसं असतं ते या भागातल्यांना सांगायला नको. परत येऊन बघतात तर मेणाचं घर मऊ पडून एका बाजूला कललेलं, छप्पर खाली आलेलं. हे मीसुद्धा ठरवलं नव्हतं. मुलं गप्प झाली. मग एकजण म्हणाला, चिऊला ऊन लागलं. मग आता ती कुठं जाईल? काऊकडं! आणि मुलांनी गोष्ट पुढे स्वतः केली, उन्हाळ्यात चिऊ काऊच्या घरी आली, दार वाजवलं, आणि आता काऊ म्हणतो थांब.

ते दार वाजवणं मग त्यांनी रोज खेळलं. मूळ गोष्टीत चिमणी म्हणते थांब, बाळाला अंघोळ घालते, थांब, बाळाला तीट लावते, म्हणजे एकामागून एक कामं क्रमाने सांगत जाते. हे ऐकायला साधं वाटतं, पण आधी काय, मग काय, त्यानंतर काय, हा क्रम डोक्यात धरून बोलणं ही पुढे वाचून समजण्याची तयारी असते. छकुली काऊ झाली होती. दारामागे उभी राहून म्हणाली, "थांब, मला दूध घालून येऊ दे डेरीला." मग, "थांब, भाकरी थापू दे." मग, "थांब, शेडमधनं फोन आलाय." कोपऱ्यात आई लिहायची थांबली. थोड्या वेळाने मला म्हणाली, ही मीच बोलतीय मॅडम. तेवढंच बोलली. त्यावर मीही काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी वही उघडून बसलो. तिने चार सकाळींत नऊ पानं लिहिली होती. मी लाल पेनने शेजारी लिहीत गेले, हे मोजणं, हे बोटांचं काम, हे क्रम लावणं, हे अंदाज बांधणं आणि करून बघणं, हे आपली पाळी येईपर्यंत थांबणं. ती म्हणाली हे सासऱ्यांना वाचून दाखवते. दाखवलं. सासरे पटकन पटणारे नव्हतेच, ते म्हणाले हे काय नवीन खूळ काढलंय शाळेनं. दुसऱ्या दिवशी सोडायला तेच आले तेव्हा मी त्यांना बसवून सांगितलं की आजोबा हे नवीन नाही, शंभर वर्षं झाली. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे होत्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ झाला. मग १९४५ ला ताराबाई समुद्राकाठी बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं. माँटेसोरी पद्धतीचं सामान महाग, ते आपल्या खेड्यात कुठून आणणार, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती हेच सामान केलं. वारली मुलं बालवाडीत येईनात, घरी धाकटी भावंडं सांभाळायची, गुरं बघायची, तर या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. माझ्या दुकानातले चिंचोके त्याच घरातले आहेत. आजोबांना अंगणवाडी माहीत होती, त्यांच्या धाकट्या मुलाने तिथे सुकडी खाल्लेली. ते जरा नरमले. मी हेही सांगितलं की २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडासुद्धा तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तक ठेवत नाही, खेळ, गोष्टी, वस्तू हेच म्हणतो. आणि पहिलीच्या प्रवेशाला मुलाची परीक्षा घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच मनाई आहे, म्हणजे त्या भीतीने आता गिरवून घ्यायचं कारण नाही. पण खरं सांगू का, त्यांना पटलं ते कायद्याने नाही. छकुलीने त्यांना घरी बाजरी निवडताना खडे वेगळे, किडके दाणे वेगळे असे ढीग लावून दाखवले, त्याने पटलं. छकुली राहिली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानात छकुली इतकी रमली की व्यापारी दुसऱ्या कुणाला होऊ देईना. एक मुलगा सगळा महिना फक्त गिऱ्हाईक होऊन मुकाट्याने चिंचोके द्यायचा, त्याच्या तोंडून या खेळात एक शब्द आला नाही आणि ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं, कारण मी छकुलीकडे बघत होते. केस एका मुलाची केली की हे होतं. बावीस मुलांत एक ताई पुरत नाही, आम्ही कितीही म्हटलं तरी. नंतर मी व्यापाऱ्याची टोपी केली, पुठ्ठ्याची, आणि टोपी रोज दुसऱ्या डोक्यावर, हा नियम मुलांनीच केला. तो मुलगा टोपी घातल्यावर जानेवारीत पहिल्यांदा म्हणाला, "किती पायजे?" आणि अजून एक घर होतं, त्यांनाही वही हवी होती, त्यांची आई सकाळी कामावर जायची, चार सकाळी देणं तिला शक्यच नव्हतं. ते मूल दिवाळीनंतर गेलं. तिच्यासाठी मी व्हिडिओ काढून पाठवायला हवे होते का, याचा मी अजून विचार करते, पण मोबाईल वर ठेवून मी मुलांकडे बघू शकत नाही.

फेब्रुवारीत दुकानात मी कागदाच्या चिठोऱ्या आणि पेन्सिलीचे तुकडे ठेवले. छकुलीचे वडील बिलं आणतात, ती तिने पाहिलेली. एका गिऱ्हाइकाला तिने बिल दिलं, त्यावर नागमोडी रेघा, ओळीने, डावीकडून उजवीकडे, आणि खाली एक गोल. पेन्सिल तीन बोटांत होती, जराशी उंच धरलेली, पण तीन बोटांत. मी म्हटलं वाच बरं, तर बोट फिरवत वाचलं, "पाच डाळिंब, एक दागी, पैसे उद्या." लिहिलेलं म्हणजे बोललेलं ठेवून देणं, हे तिला कळलं होतं. मार्चमध्ये एक दिवस स्वतःहून विचारलं, माझं नाव बिलावर कसं काढायचं? मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर फळीवर मोठं काढून दाखवलं, तिने ते खडूने सगळ्या फळीभर काढलं, उलटं-सुलटं, एक तर आडवं. वर्षाअखेरीस तिला एवढं एकच अक्षर येत होतं आणि मोजून दहा वस्तू देता येत होत्या. जाऊबाईंची मुलगी तोवर शंभरपर्यंत लिहीत होती. हे तिच्या आईने मला सांगितलं, पण या वेळी वही न काढता सांगितलं.

पुढच्या वर्षी कुठल्या माध्यमात घालायचं यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही, वडिलांना इंग्रजी हवंय. ते त्यांनी ठरवायचं. मी या जूनपासून एवढं बदललंय की चार सकाळींचं आमंत्रण भांडण व्हायच्या आधीच, जुलैमध्येच सगळ्या घरांना देते. यंदा नऊ घरांतून कोणीतरी आलं, सात आया, एक आजी आणि एक वडील. ते वडील छकुलीचेच, ती आता मोठ्या गटात आहे, तिला बघायला आले होते, आणि जाताना दुकानातली करवंटीची तागडी एका बाजूला झुकते म्हणून सोडवून, दोरीच्या गाठी सारख्या करून, परत बांधून गेले.